हात ठेवलाय हो ड्रमवर! (‘ठेकेदार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

श्री. ठेकेदार (की श्रीमती? टोपणनावावरून कळायला मार्ग नाही),

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, आत्ता नको, सकाळी लिहा, डोकं शांत होईल. सकाळ झाली. डोकं होतं तसंच आहे, तेव्हा लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची दोन लाइव्ह रेकॉर्डिंग मी समोरासमोर ठेवली होती. एक ‘द साँग रिमेन्स द सेम’, म्हणजे जुलै १९७३ मधल्या न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या तीन रात्री. दुसरं ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’, म्हणजे त्याच्या आदल्या वर्षीचं लॉस एंजेलिसकडचं वाजवणं. पहिल्यात त्यांचा ड्रमर जॉन बॉनम लडविग कंपनीच्या पारदर्शक, मधाच्या रंगाच्या ॲक्रिलिक (म्हणजे प्लॅस्टिकच्या) सेटवर आहे, दुसऱ्यात हिरव्या चमकीच्या लाकडी सेटवर. बेस ड्रम दोन्हीकडे २६ इंची. माझं म्हणणं एवढंच होतं की लाकडी सेट भरून बोलतो, ॲक्रिलिक उघडा बोलतो, आणि हा फरक कानाला स्वच्छ कळतो. उपमा तबल्या-तंबोऱ्याच्या दिल्या होत्या.

यावर तुम्ही लिहिलंत, ते जसंच्या तसं देतो, नंतर तक्रार नको (इतरांसाठी: शेल म्हणजे ड्रमचा पोकळ सांगाडा, पान म्हणजे त्यावर ताणलेला पडदा, मिक्सिंग म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज कमी-जास्त करून जुळवणं): “लेख रंजक, पण पाया कच्चा. ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ ही एक मैफल नाही, दोन आहेत. लाइव्ह रेकॉर्डिंगचा आवाज शेल कशाचं आहे यापेक्षा पान, पानाचा ताण, माइकची जागा आणि मिक्सिंग यांनी ठरतो. त्याच तीन रात्रींचं १९७६ चं आणि २००७ चं मिक्स शेजारी ठेवून कृपया नीट ऐका. तबल्या-तंबोऱ्याच्या उपमांची गरज नव्हती. लेखकाने ड्रमसेटवर कधी प्रत्यक्ष हात ठेवला असेल असं वाटत नाही.”

आधी चूक कबूल करतो, म्हणजे माझ्यावर हटवादीपणाचा आरोप नको. २५ जून १९७२ चा लॉस एंजेलिस फोरम आणि २७ जूनचं लाँग बीच अरिना, अशा दोन कार्यक्रमांतून जोडून तो अल्बम २००३ मध्ये काढला. मी ‘त्या रात्री’ असं लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे. तीन सीडी एका दमात ऐकताना ती एकच रात्र वाटावी अशीच त्याची जुळणी आहे, हे मात्र तुम्हीही मान्य कराल. नाही केलंत तरी हरकत नाही. चूक ती चूक.

आता ते ‘कृपया नीट ऐका’. मराठीत ‘कृपया’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. एक एसटीत, ‘कृपया सुटे पैसे द्यावेत’, आणि दुसरा समोरचा मूर्ख आहे हे सभ्यपणे सांगायचं असतं तेव्हा. आपण एसटीत नव्हतो. मतभेद असावेत, मी स्वतः मतभेदांवरच जगतो. पण ‘रंजक’ म्हणून पाठीवर थाप मारायची आणि त्याच हाताने कान पिळायचा, ही पद्धत मला शाळेतल्या मास्तरांचीही आवडली नव्हती.

आणि शेवटचं वाक्य. माझा हात.

मी मिरजेचा. १९८३ ते १९९४ अशी अकरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले. ‘हिंदी-मराठी गीतांचा बहारदार नजराणा’ असे कापडी फलक लागायचे, त्यामागे मी बसायचो. पहिला सेट प्लायवूडचा, वरून चॉकलेटी रंग मारलेला. झांज अशी होती की वाजवली तर पुढच्या रांगेतलं बाळ रडायचं. पेडलची स्प्रिंग दुसऱ्याच मोसमात तुटली, ती सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून पुढे चार वर्षं चालवली. एका गणपतीत अकरा दिवसांत चौदा कार्यक्रम केले आहेत, त्यातले तीन पावसात, मंडपाचं पाणी थेट फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर. पान ओलं झालं की टॉम कसा ‘थप्प’ करून बसतो ते मला विचारा. डाव्या तर्जनीच्या मुळाशी गाठ आहे, अजून आहे. पाहिजे तर फोटो टाकतो. पुढे ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, आला, मालकाला टेम्पोतली जागा वाचवायची होती, आणि मी घरी आलो. तेव्हा हात ठेवला नाही असं म्हणू नका. हात काढून घेतला, असं म्हणा हवं तर.

झेपेलिनही मी काल युट्यूबवर शोधून काढलेलं नाही. मित्राच्या थोरल्या भावाने मस्कतहून ‘द साँग रिमेन्स द सेम’ नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणलं होतं. अल्बम शंभर मिनिटांच्या घरातला, कॅसेट नव्वदची. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’च्या मधोमध बाजू उलटावी लागायची, आणि ‘होल लोटा लव्ह’ तापतंय न तापतंय तोच फीत संपायची. ते गाणं पूर्ण कसं संपतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्या कॅसेटवरून ‘मोबी डिक’, म्हणजे बॉनमचं ड्रम सोलो, बसवायचा मी दोन वर्षं प्रयत्न केला. काठ्या ठेवून नुसत्या तळव्यांनी तो जिथे वाजवतो तिथपर्यंत ठीक होतं, हात आपले तबल्या-ढोलकीवर पोसलेले. पण उजव्या पायाने एकाच पेडलवर त्या तिहेरी मात्रा? ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये, म्हणजे १९६९ च्या पहिल्याच अल्बममध्ये, विशीतल्या या पोराने ते करून ठेवलं होतं. आम्ही ट्यूब बांधलेल्या पेडलवर बसून रडायचो.

पेडलवरून आठवलं. बॉनमचं लडविग ‘स्पीड किंग’ पेडल ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ या गाण्यात किरकिरताना ऐकू येतं, आणि ते कुणी काढून टाकलेलं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं आपलीच कॅसेट खराब झाली. माझ्या पेडलला त्या दिवसापासून तेल बंद केलं.

ॲक्रिलिकबद्दलही सांगतो. १९८९ मध्ये कोल्हापूरच्या एका मोठ्या कार्यक्रमासाठी मालकाने मुंबईहून भाड्याने पारदर्शक लाल सेट आणला होता. उचलताना कंबर गेली. वाजवल्यावर आवाज असा कडक, सरळ, जणू काचेच्या कपाटावर थाप. तो सेट दोन दिवस आमच्याकडे होता, म्हणून दुसऱ्या रात्री इचलकरंजीलाही वाजवला. तिथला साउंडवाला वेगळा. त्याने अख्ख्या सेटला मिळून एकच माइक लावला, तोही कमरेच्या उंचीवर, आणि कोल्हापुरात तोफ वाटणारा तोच सेट इचलकरंजीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा वाटला. तीच पानं, तोच ताण, वाजवणारा मीच.

हा किस्सा तुमच्या बाजूने जातो, असं तुम्ही म्हणाल. लिहिताना माझ्याही लक्षात आलं. खोडणार होतो, पण ठेवला. मी तो हात ठेवल्याचा पुरावा म्हणून दिला आहे, तेवढ्यापुरताच घ्यावा.

आता तबला-तंबोरा. ‘उपमांची गरज नव्हती’ म्हणालात. ज्या गावात तंबोरे-सतारी बनतात त्या गावचा माणूस आहे मी, दुसऱ्या कुठल्या उपमा देणार? मिरजेत कारागीर पंढरपूरकडचा भोपळा हातात घेऊन टिचकी मारतो, मान हलवतो, बाजूला ठेवतो. दुसरा घेतो. तुनाचं लाकूड किती वर्षं सुकलंय ते बघतो. त्याच्या दुकानात जाऊन एकदा सांगून बघा, की काका, आवाज माइकच्या जागेने ठरतो. चहा तरी पाजतील का, शंका आहे. (हो, तंबोऱ्याची तार भोपळ्यावर ताणलेली नसते आणि ड्रमचं पान थेट शेलच्या काठावर ताणलेलं असतं, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहितो.)

आणि तबल्याचा विषय मी काढलेला नाही. झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट यांनी काढला. दोघे १९७२ मध्ये मुंबईत आले आणि तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी स्टुडिओत रेकॉर्ड केली. बॉनम त्या खोलीत नव्हता. मूळ ‘फोर स्टिक्स’ हे नाव पडलं कारण तो प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवत होता. मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी आपले वादक आहेत, आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ अल्बमच्या वाढीव आवृत्तीत ते बाहेर आलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘फोर हँड्स’. चार काठ्यांचे चार हात झाले! बॉनमच्या जागी तबला बसवायची कल्पना खुद्द जिमी पेजला सुचते, आणि मी उपमा दिली की गरज नव्हती. बरं.

‘द साँग रिमेन्स द सेम’ नावाच्याच सिनेमाबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण म्हणाल, म्हणून सांगून ठेवतो. त्यातले काही तुकडे १९७४ मध्ये शेपर्टन स्टुडिओत पुन्हा चित्रित केले होते आणि बेसवाल्या जॉन पॉल जोन्सने केस कापलेले असल्यामुळे टोप घातला होता, हे मला ठाऊक आहे. मी सिनेमा बघून आवाज ऐकत नाही. तसंच, झेपेलिनच्याच ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ गाण्याचं उदाहरणही आणू नका. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली सेट, वर दोन बायर माइक टांगलेले, रेकॉर्डिंगवाल्या अँडी जॉन्सची करामत, सगळं पाठ आहे. आवाज जिन्याचा आहे, ड्रमचा नाही, असंच म्हणणार ना? पण ते स्टुडिओचं रेकॉर्डिंग. आपण लाइव्हबद्दल बोलतोय. जिना आणि अरिना यांत फरक आहे.

राहिला मुद्दा मिक्सिंगचा. यावर सविस्तर पुन्हा केव्हातरी. तूर्त एवढंच, की २००७ ची आवृत्ती माझ्याकडे आहे, ती मी ऐकलेली आहे, आणि तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिण्याआधी पुन्हा ऐकली. दोन्ही शेजारी ठेवून. फरक आहे. कुणी नाही म्हटलं? १९७६ च्या मिक्समध्ये बॉनम हॉलच्या त्या टोकाला बसलाय, २००७ च्या मिक्समध्ये चार पावलं पुढे आलाय आणि बेस ड्रम पोटात लागतो. तोच ॲक्रिलिक सेट, त्याच रात्री. केव्हिन शर्लीने २००३ चं ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ही मिक्स केलंय आणि हेही, त्यामुळे ही दोन एकापाठोपाठ लावली तर लाकूड कुठलं नि ॲक्रिलिक कुठलं हे पहिल्या दोन गाण्यांत मला पटकन सांगता येईना. तिसऱ्यात आलं. निदान मला तरी तसं वाटलं. मुलाला डोळे मिटून बसवलं आणि सीडी बदलत राहिलो, त्याला एकदाही आलं नाही, पण तो गिटार वाजवतो, त्याचं काय घेऊन बसायचं.

म्हणून लेखातलं ‘फरक कानाला स्वच्छ कळतो’ यातलं ‘स्वच्छ’ काढलं आहे. वाक्य ठेवलं आहे.

एक शेवटचं. तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, हे कृपया (बघा, मलाही येतं) नोंदवून ठेवा. इथे पूर्वी एकाने बीटल्सच्या ड्रमर रिंगो स्टारवरून मला काय काय म्हटलं होतं, तेही अजून जागच्या जागी आहे. तुमच्या टोपणनावावरून तुम्हीही वाजवत असाल असा अंदाज आहे. नसाल तर ‘ठेकेदार’ म्हणजे रस्त्याचे, असं समजतो. वाजवत असाल तर मिरजेला या. गच्चीवरच्या खोलीत सेट लावलेला आहे, प्लायवूडचाच, पानं मात्र नवी. संध्याकाळी सातनंतर नको, खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी आहे. समोरासमोर बसू, तुम्ही माइक हवा तिथे ठेवा.

काठ्या तुमच्या आणा. माझ्या मी कुणाला देत नाही.