पाहुणा कितव्या रात्री भाडेकरू होतो?

लायब्ररीच्या मागे, पार्किंगच्या कडेला कमरेएवढी सिमेंटची भिंत आहे. कॅलिफोर्नियात कट्टा कुठून आणायचा, म्हणून आम्ही त्या भिंतीलाच कट्टा मानलं आहे. शुक्रवारी साडेआठनंतर चार-पाच टाळकी जमतात. रस्त्यापलीकडे एक दुमजली मोटेल आहे. त्याची 'व्हेकन्सी' अशी लाल पाटी आमच्या गप्पा चालू असतात तोवर समोर जळत असते. गेल्या शुक्रवारी वाद त्या पाटीवरूनच पेटला.

झालंय असं की शहराच्या कौन्सिलपुढे एका नियमाचा मसुदा आलाय. मोटेलात कुणीही सलग २८ रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही, आणि ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने राहिलात तरी बेरीज २८ च्या पुढे जाता कामा नये. शिवाय मालकाने प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र, गाडीचा नंबर, आल्या-गेल्याची वेळ रजिस्टरमध्ये ठेवायची, आणि तासांच्या हिशोबाने खोली द्यायची नाही.

"सुटलो एकदाचे," संजय म्हणाला. त्याचं घर मोटेलच्या मागच्या गल्लीत. "महिन्यातून दोनदा तरी तिथे पोलिसांची गाडी असते. माझी पोरगी संध्याकाळी त्या बाजूने सायकल नेत नाही."

नाना हसले. नाना म्हणजे माझे वडील, इथे सहा महिन्यांसाठी आलेत. "आमच्यात म्हणतात, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इथे अठ्ठावीस दिवस चालवून घेतात? फारच सोशिक लोक."

"नाना, ते पैसे देऊन राहतात हो," पम्या म्हणाला. पम्या दुसऱ्या एका मोटेलात रात्रपाळीला फ्रंट डेस्कवर असतो, त्यामुळे या विषयात बोलायचा पहिला हक्क त्याचा. "आणि अठ्ठाविसाव्या दिवशी काय होतं ते मला विचारा. माझी आधीची नोकरी होती त्या गावात हाच नियम होता. आमचा पाहुणा रस्त्याच्या त्या टोकाच्या मोटेलात जायचा, तिथला आमच्याकडे यायचा. दोन्ही मालकांच्या खोल्या भरलेल्या. कागदावर सगळे प्रवासी! एक बाई होती, दोन मुलं. सकाळी मुलांना शाळेत सोडून यायची आणि कपड्यांच्या काळ्या पिशव्या गाडीत भरायची. मायक्रोवेव्ह शेवटी, मांडीवर. दर महिन्याला."

"विंचवाचं बिऱ्हाड," नाना पुटपुटले.

"पण मग ती फ्लॅट का घेत नाही?" संजयने विचारलं. प्रश्न खवचट नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "आठवड्याला किती घेता तुम्ही?"

"आमच्याकडे ४८०."

"म्हणजे महिन्याला दोन हजार झाले की! त्यात थोडे घातले तर फ्लॅट येतो."

"येतो ना. पण घरमालक म्हणतो, भाड्याच्या तिप्पट पगार दाखव. क्रेडिट, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास दाखव. मागे कधी कोर्टातून घर खाली करायला लावलंय का ते दाखव. वर पहिलं भाडं आणि डिपॉझिट एकदम. आम्ही काय मागतो? ओळखपत्र आणि एक आठवडा."

"डिपॉझिटला आता मर्यादा आहे," गार्गी म्हणाली. ती भाडेकरूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत काम करते, आणि आमच्यात मसुदा पूर्ण वाचलेली ती एकटीच. "जुलै २०२४ पासून राज्यात बहुतेक ठिकाणी एका महिन्याच्या भाड्याएवढंच मागता येतं. पण बाकीचं पम्या म्हणतोय तसंच. मला वेगळंच विचारायचंय. अठ्ठावीसच का? पंचवीस का नाही, चाळीस का नाही?"

कुणालाच सांगता येईना. मला वाटलं होतं, फेब्रुवारीवरून असेल.

"कारण तिसाव्या दिवशी कायदा कूस बदलतो," ती म्हणाली. "तीस दिवसांच्या आत तू पाहुणा. चेकआउटची वेळ टळली, पैसे दिले नाहीस, तर मालक कुलूप बदलू शकतो. तीस दिवस उलटले की तू भाडेकरू ठरण्याची शक्यता. मग बाहेर काढायचं तर नोटीस, कोर्ट, शेरीफ. म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशीच उठवायचं, दोन दिवस हाताशी ठेवून. या खेळाला इथे नावच आहे, ट्वेंटी-एट डे शफल."

"म्हणजे आपला अकरा महिन्यांचा करार!" नाना एकदम खुलले. कट्ट्यावर आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं सापडलं होतं.

"अगदी तस्संच, नाना. आणि पुढची गंमत ऐका. राज्याच्या सिव्हिल कोडमध्ये १९४०.१ नावाचं कलम आहे. ज्या हॉटेलात लोक घर म्हणून राहतात, तिथे पाहुणा भाडेकरू होऊ नये या हेतूने त्याला तीस दिवसांच्या आत बाहेर काढलं, किंवा चेकआउट करून पुन्हा नाव नोंदवायला लावलं, तर मालकाला ५०० डॉलर दंड, वर वकिलाचा खर्च."

पम्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे शहर म्हणणार काढ, आणि राज्य म्हणणार काढलास तर बघ!"

"अगदीच तसं नाही. मालक म्हणेल, माझा हेतू तो नव्हता, मी शहराचा नियम पाळला. मग त्यावर वकील भांडतील."

"आणि वकिलांचं मोटेल बारमाही फुल्ल," पम्या म्हणाला.

संजय मात्र हटायला तयार नव्हता, आणि हे मला मान्य केलं पाहिजे की त्या रात्री सगळ्यात ठोस मुद्दा त्यानेच मांडला. तो इमारतींच्या बांधकामात आहे. "अरे, कायदा बाजूला ठेवा. खोली कशासाठी बांधलीय ते बघा. बिल्डिंग कोडमध्ये थोड्या दिवसांच्या मुक्कामाची जागा आर-वन, कायम राहण्याची आर-टू. उगाच वेगळ्या नाहीत. मोटेलच्या खोलीत ओटा नाही, धूर बाहेर जायला वाट नाही. लोक बाथरूमच्या प्लगवर शेगडी लावतात. लास व्हेगासच्या त्या मोठ्या हॉटेलात १९८० साली आग लागली, ८५ माणसं गेली. त्यानंतर स्प्रिंकलरचे नियम कडक झाले. चार माणसांचं कुटुंब वर्षभर एका पलंगाच्या खोलीत राहतंय, हे आपण चालवून घ्यायचं आणि त्याला दया म्हणायचं?"

काही क्षण कुणी बोललं नाही. मग पम्या म्हणाला, "शेगडीचं खरं आहे. मी स्वतः तीन जप्त केल्यात. पण मग नियम शेगडीचा कर ना. खोलीत छोटा ओटा द्यायला लाव, तपासणी दर तीन महिन्यांनी कर. अठ्ठावीस दिवसांनी माणूस बदलला तरी प्लग तोच राहतो."

"त्याला खर्च येतो."

"हां. आता बोललास."

पैशांचा विषय निघाल्यावर गार्गीने कराचं सांगितलं. इथे हॉटेलच्या बिलावर शहर स्वतःचा मुक्काम-कर लावतं, बऱ्याच ठिकाणी १० ते १५ टक्के. पण तो तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामावर. त्यापुढे राहणाऱ्याकडून शहराला त्यातली दमडी मिळत नाही. "नियम फक्त करासाठी आणलाय असं मी म्हणत नाही," ती म्हणाली, "पण माणूस महिन्याच्या आत हलत राहिला तर तिजोरीला बरं असतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल असंही मी मानणार नाही."

"मग तासांवर खोली द्यायची नाही, ते का?" नानांनी भाबडेपणाने विचारलं. आम्ही सगळे पाटीकडे बघायला लागलो. शेवटी गार्गीनेच सोडवलं. डॅलस शहराने दहा तासांपेक्षा कमी वेळासाठी खोल्या देणाऱ्या मोटेलांना सरळ देहव्यवहाराशी जोडलेल्या धंद्यांच्या नियमात घातलं होतं, आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं.

नानांनी हिशोब केला. "म्हणजे दहा तासांच्या आत गेलात तरी संशय, अठ्ठावीस दिवसांच्या वर राहिलात तरी संशय. माणसाने मधल्यामध्ये शहाण्यासारखं वागायचं."

संशय या धंद्याच्या पाचवीलाच पुजलाय. 'मोटेल' हा शब्द याच राज्यातला. १९२५ साली सॅन लुईस ओबिस्पोला माइलस्टोन मो-टेल उघडलं, मोटर आणि हॉटेल जोडून. पुढे पंधरा वर्षांत, १९४० साली, एफबीआयचा प्रमुख हूवर मासिकात लेख लिहून रस्त्याकडेच्या अशा मुक्कामांना गुन्हेगारीचे तळ म्हणत होता. मी हे सांगितलं तर संजय म्हणाला, "बघ, तेव्हापासून माहीत होतं!" एकाच गोष्टीचा पुरावा दोन्ही बाजूंना कसा चालतो याचं मला नेहमी नवल वाटतं.

रजिस्टरवर मात्र पम्या उसळला. "नोंद ठेवायला माझी ना नाही. पण पोलीस आला की लगेच दाखवायची?" त्याचे मालक सुरतेकडचे. लॉस एंजेलिस विरुद्ध पटेल हा खटला ते असा सांगतात की वाटावं सख्खा भाऊ जिंकला. तिथे मोटेलवाल्यांना पाहुण्यांची नोंद ९० दिवस जपावी लागे आणि पोलिसाने मागताक्षणी पुढे करावी लागे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आणि हजार डॉलरपर्यंत दंड. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की नकार द्यायचा असेल तर आधी तटस्थ अधिकाऱ्यापुढे दाद मागण्याची संधी मालकाला मिळालीच पाहिजे. नोंद ठेवण्याची सक्ती मात्र कायम राहिली. हा उत्तरार्ध मालक सांगत नाहीत.

आता माझं. माझ्या मुलाच्या शाळेची बस रोज या मोटेलपुढे थांबते. मला दोन वर्षं वाटायचं, मॅनेजरची मुलं असतील. गार्गीने सांगितलं, फ्लॅट मिळत नाही म्हणून मोटेलात राहणारं मूल मॅककिनी-व्हेंटो कायद्याप्रमाणे शाळेच्या लेखी बेघर असतं. त्याला आधीच्याच शाळेत राहता येतं आणि ने-आण शाळेने करायची. पण केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे त्याच मुलाची आई बेघर म्हणून गेली, तर खोलीचं भाडं स्वतः भरते म्हणून ती तिथे साधारणपणे बेघर धरली जात नाही.

"शाळेत बेघर, खात्यात घरवाली, मोटेलात पाहुणी," पम्या म्हणाला. "आणि कोविडमध्ये? २०२० ला राज्याने बेघरांसाठी मोटेलच्या खोल्या घेतल्याच की. पुढे तर होमकी नावाच्या योजनेतून अख्खी मोटेलं विकत घेऊन कायमची घरं केली. तेव्हा खोली राहण्यालायक होती?"

"तेव्हा त्यात दुरुस्तीचे पैसे ओतले," संजय म्हणाला, पण आवाज उतरला होता. मला इतकंच दिसत होतं की या मसुद्याने कुणाचं राहणं थांबणार नाही. पत्ता तेवढा हलत राहील. मी तसं बोलून दाखवलं, तर संजय म्हणाला, "तू त्या गल्लीत राहत नाहीस." तेही खरंच.

मंगळवारी सुनावणी आहे. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. संजय बाजूने बोलणार, गार्गी विरोधात. पम्याची त्या दिवशी पाळी आहे.

"मी एक दुरुस्ती सुचवीन," संजय भिंतीवरून उतरता उतरता म्हणाला. "शाळकरी मुलं असतील तर शाळेचं वर्ष संपेपर्यंत सूट. एवढं तर कौन्सिल ऐकेल."

"सुचव ना," गार्गी म्हणाली. "आणि जूनमध्ये शाळा सुटली की?"

संजय किल्ली चाचपत उभा राहिला. नानांनी मला हळूच विचारलं, "माझे किती राहिले रे?" मी म्हटलं, सत्तेचाळीस. पम्या घड्याळ बघून निघाला, अकराला त्याला डेस्कवर पोचायचं होतं.