कोल्हापुरीचं ‘पेटंट’ नव्हे, मानांकन

‘कोल्हापुरी चपलेचं पेटंट आपल्याकडे आहे, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने ते चोरलं,’ असा मेसेज फिरतोय. राग रास्त आहे, मीही चिडलो होतो. पण माहिती चुकीची आहे. २०१९ मध्ये मिळालं ते पेटंट नव्हे, भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागात बनणाऱ्या वस्तूच्या नावाला मिळणारी कायदेशीर ओळख. तेही एकट्या कोल्हापूरचं नाही: महाराष्ट्र-कर्नाटकातले चार-चार जिल्हे त्यात आहेत, अगदी बेळगाव-धारवाडसुद्धा. मानांकन कुंपण घालतं ते मुख्यतः नावाला. बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हाताने शिवलेले चपलेच्या बाजूचे कान, वरची वेणी, या साऱ्याची ओळख त्या नावात आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने तशीच चप्पल दाखवली, पण ‘कोल्हापुरी’ म्हटलंच नाही. म्हणून कायद्याची पकड ढिली पडते. भारतीय कारागिरीचं श्रेय त्यांनी दिलं, तेही टीका झाल्यावर. ते मला आजही खटकतं.