मैदान मोकळंच असूंदे

मे महिन्यात लेकीला घेऊन दहा दिवस दादरला भावाकडे राहायला गेले होते. चौदा वर्षांची आहे ती, लेदर बॉलने खेळते, आणि शिवाजी पार्कात मुलींची उन्हाळी बॅच आहे असं भावजयीने कळवलं म्हणून मुद्दाम गेलो. परत येऊन दोन महिने झाले, पाऊस लागला, लावणी पण उरकत आली, तरी ते मैदान काही डोक्यातून जात नाही. आणि आता आमच्या गावातल्या मैदानाचं जे चाललंय ते बघून लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. पोस्ट मोठी होणार आहे, पण मालवण तालुक्यातल्या सगळ्यांनी कृपया वाचा.

तुतारी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो, पूल ओलांडून पश्चिमेला आलो, फुलवाल्यांच्या गर्दीतून रानडे रोडने चालत निघालो. दोन्ही बाजूंनी दुकानं, माणसं, टॅक्सी, आणि मग एकदम समोर आभाळ. म्हणजे खरंच, मुंबईत इतकं आभाळ एका जागी मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. लेक थांबलीच. मैदानाच्या कडेने सगळीकडे तो बसका कट्टा, माणूस सहज बसेल एवढ्या उंचीचा, आत बघायला कुठे डोकवावं लागत नाही. आत एका बाजूला नेट्समध्ये व्हाइट्स घातलेली पोरं, मधे टेनिस बॉलवाल्यांच्या चार-पाच मॅच एकमेकींत घुसलेल्या, एकाचा मिडऑन दुसऱ्याचा स्लिप, कोणी पळतंय, कोणी आजी काठी टेकत कट्ट्याच्या बाजूने फेरी मारतायत. लेक म्हणाली, "आये, हंयसर खेळूक कोणाक इचारूचा लागना नाय?"

नेट्स क्लबांची असतात, तिथे नाव घालावं लागतं, फी भरावी लागते, ते वेगळं. पण मधे जाऊन स्टंप ठोकायला कोणाला विचारावं लागत नाही. जागा मिळवायची आणि खेळायचं. तिचा हा प्रश्न मला लागला, कारण ती ज्या गावातून आली तिथे आता विचारावं लागतं. त्यावर येतेच.

आधी त्या मैदानाबद्दल थोडं सांगते, कारण मला स्वतःला यातलं अर्धं माहीत नव्हतं. १८९६ ला मुंबईत प्लेगची साथ आली, माणसं दाटीवाटीच्या चाळींत किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि मग १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करून शहर उत्तरेकडे मोकळं वाढवायचं ठरलं. दादर, माटुंगा हे आखीव रेखीव भाग त्यातून झाले. हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवाजी पार्क नाव दिलं, तेव्हा महाराजांचं जन्मवर्ष १६२७ धरायचे, त्या हिशोबाने ते त्रिशताब्दीचं वर्ष. एका बाईने हे नाव लावून घेतलं हे कुठल्या शाळेत सांगतात का? मला तरी नाही सांगितलं. आकार जवळपास २८ एकर, कट्ट्याची फेरी १ किलोमीटरच्या थोडी वर. म्हणजे जी जागा आज सोन्याच्या भावात विकली गेली असती ती शंभर वर्षं लोकांनी रिकामी ठेवलीय.

आणि आपल्या कोकणाचं तिथे किती आहे बघा. मैदानाच्या बाजूच्या रस्त्याची पाटी वाचली, केळुसकर मार्ग. केळुसकर गुरुजी म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर, आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. आणि १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्कारात ह्याच गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. तिथून पाच-दहा मिनिटं समुद्राकडे चालत गेलं की चैत्यभूमी. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, ते पण कोकणच. मी त्या पाटीखाली उभी राहून लेकीला हे सांगत होते आणि माझाच गळा दाटून आला. केळूसच्या एका मास्तरांनी एका हुशार पोराला एक पुस्तक दिलं, आणि आज ६ डिसेंबरला लाखो माणसं देशभरातून त्याच्या स्मृतीला वंदन करायला येतात, ह्याच मैदानात मुक्काम करतात, आणि पुस्तकांच्या स्टॉलवरून पुस्तकं विकत घेऊन घरी जातात. भावजय सांगते, त्या दिवशी इतकी पुस्तकं विकली जातात की बघत राहावं.

दुसऱ्या बाजूला सावरकर सदन. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, पतितपावन मंदिर १९३१ चं, आणि सुटल्यावर ते ह्या मैदानाशेजारी येऊन राहिले ते शेवटपर्यंत. जवळच त्यांचं स्मारक पण आहे. जुना महापौर बंगला आता बाळासाहेब ठाकरेंचं स्मारक झालाय. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ ला इथेच, आणि २०१२ मध्ये त्यांचे अंत्यसंस्कार पण इथेच. २०२२ मध्ये लतादीदींचे पण. वेगवेगळ्या विचारांची, एकमेकांचं न पटणारी माणसं ह्या एका मैदानाभोवती आहेत आणि मैदान कोणाचंच नाही, सगळ्यांचं आहे. मला हे फार मोठं वाटतं.

आमचे आजोबा गिरणीत होते, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी आचार्य अत्र्यांच्या सभांना ते शिवाजी पार्कला चालत जायचे, पाळी सुटली की तसेच. आजोबांना मुंबईतल्या फारशा जागा ठाऊक नव्हत्या. खोली, गिरणी, भाऊचा धक्का, आणि शिवाजी पार्क. खोलीत माणशी एक वळकटी पसरेल एवढी जागा, ती पण पाळीपाळीने. अशा माणसाला मोकळं मैदान म्हणजे काय असेल ते मला आता कळतंय.

क्रिकेटचं तर लेकीने मला शिकवलं. आचरेकर सर! रमाकांत आचरेकर, जन्म मालवणचा, १९३२ चा. ज्यांनी ह्या मैदानात सचिन, कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर अशी पोरं घडवली. सचिनला खेळता यावं म्हणून घरच्यांनी त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलं होतं. संध्याकाळी दमला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो आउट करील त्याला ते नाणं, आणि आउट झालाच नाही तर सचिनला. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवलीयत. २०२४ च्या डिसेंबरात पाच नंबर गेटजवळ सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. लेक तिथे रोज पाया पडून नेट्सला जायची, मी सांगितलं नव्हतं, आपणहून.

एक दिवस कट्ट्यावर शेजारी एक आजोबा बसलेले, आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "खयच्या तुमी?" सांगितलं. "मी आचऱ्याचो. पासष्ट वर्सां झाली हंय." रोज दोन वेळा येतात. म्हणाले इथल्या रहिवाशांनी भांडून भांडून हे मैदान राखलंय. आणि ते खरं आहे, रहिवासी कोर्टात गेले म्हणून २०१० मध्ये हायकोर्टाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला, खेळ सोडून बाकीच्या कार्यक्रमांना पण वर्षात ४५ दिवसांची मर्यादा आहे. पुतळ्याबद्दल पण त्यांनीच दाखवलं, घोड्यावर महाराज आहेत पण हातात तलवार नाही, हात पुढे केलेला आहे, वाट दाखवल्यासारखा. लोकवर्गणीतला पुतळा. आम्ही मालवणवाले, २६ ऑगस्ट २०२४ ला आमच्या मालवणच्या राजकोट किल्ल्यावर काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, तिथला महाराजांचा पुतळा आठ-नऊ महिन्यांत कोसळला होता. शिवाजी पार्कातल्या पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर मला तेच आठवत होतं. कितीतरी वेळ बोलले नाही मी.

सगळं छान छान आहे असं नाही. धूळ भयंकर. मैदानात लाल माती आहे, वारा सुटला की घराघरात जाते, भावाच्या गॅलरीत रोज पुसलं तरी संध्याकाळी बोट ओढलं की रेघ उमटते. म्हाताऱ्यांना खोकला, रहिवासी कित्येक वर्षं ह्यावर ओरडतायत आणि त्यांचं ओरडणं रास्त आहे. पण एकानेही मला असं म्हटलं नाही की मग फरशी घाला.

आमच्याकडे फरशी घातली.

आमच्या गावचं मैदान केवढं, शिवाजी पार्कच्या एका कोपऱ्यात मावेल. पण तेच एक. बाहेरच्यांना वाटतं कोकणात काय, मोकळी जागाच जागा. कुठे? अर्धं गाव डोंगरउतार, सपाट जेवढं आहे ते मळे आणि कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, ते भात कापल्यावर चार महिने खेळायला मिळायचे, आता त्यात पण प्लॉट पडतायत नाहीतर दगडी गडगे, म्हणजे कुंपणं घातलेत. सातबाऱ्यावर तीस-तीस नावं, अर्धे मुंबईला, कोणाची परवानगी घेणार? सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, जांभा दगड, पोरगं पडलं तर गुडघा सोलून निघतो. सपाट, मातीची आणि सार्वजनिक अशी जागा गावाला एकच असते. तिथेच कबड्डीच्या स्पर्धा, तिथेच दशावतार, तिथेच पोरं सायकल शिकतात, तिथेच लग्नाचा मांडव.

तर चार वर्षांत काय झालं सांगते. आधी एका कडेने वॉकिंग ट्रॅक म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले, त्यावर सकाळी चालायला येतात ती पाच-सहा माणसं, पावसात शेवाळ धरतं तेव्हा ती पण येत नाहीत. मग सिमेंटचं कायमचं स्टेज. मग ओपन जिमची यंत्रं, खाऱ्या वाऱ्याने दुसऱ्या पावसाळ्यात गंजली. मग सेल्फी पॉइंट. सीझनला पर्यटकांच्या गाड्या उरलेल्या जागेत. आणि आता म्हणतायत की "सुशोभीकरणाचा" शेवटचा टप्पा, सगळ्या बाजूंनी उंच जाळी आणि गेटला कुलूप. अर्धी जाळी लागली पण. चावी एकाकडे, त्याला फोन करायचा, तो आंबे काढायला गेला असेल तर पोरं रस्त्यावर खेळणार. लेक नेट्स करून शिकून आली, आणि घरी येऊन खळ्यात भिंतीवर बॉल मारत बसते.

कोणाला वाईट म्हणायचं नाहीये मला. ज्यांनी हे केलं त्यांनी गावाचं चांगलं व्हावं म्हणूनच केलं असणार, निधी आला तो खर्च करायचा असतो, काहीतरी बांधलं की दिसतं, फोटो येतो. मोकळ्या जागेचा फोटो कोण काढणार? पण शिवाजी पार्क बघून मला एवढं कळलं की मैदानात जेवढं कमी कराल तेवढं ते जास्त लोकांचं होतं. तिथे पण जिमखाना आहे, मल्लखांबाचं समर्थ व्यायाम मंदिर आहे, गणपतीचं देऊळ आहे, लहान पोरांचं पार्क आहे, पण सगळं कडेला. मधे कोणी हात लावलेला नाही. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तिथे झाली, मांडव घातला, स्पर्धा झाली, मांडव काढला, मैदान परत पोरांना.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. मी विषय लेखी दिलाय, पोच घेतलीय. लावलेली जाळी काढा, कुलूप नको, गाड्या मैदानात नकोत, आणि कडेने चिऱ्यांचा दीड फुटी कट्टा घाला, गुरं आत येऊ नयेत एवढाच, त्यावर बायकांना संध्याकाळी बसता येईल. गवंड्याला विचारलं, म्हणाला चिरे गावातच मिळतील, जाळीला लागणार त्यापेक्षा कमी पैशात होईल. सह्यांचा कागद आमच्या घरी ओट्यावर ठेवलाय, मुंबईकर चाकरमान्यांनी चतुर्थीला आल्यावर नाही, आत्ताच गावातल्या आपल्या माणसांना फोन करून सांगा. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर मी घरी असते.