माझाच सदरा, मलाच अनोळखी

कपाटातले कपडे अंगावर न चढवता कसे दिसतील हे एआयकडून पाहून घ्यावे म्हणजे सकाळची घाई टळेल, या आशेने मी एकेका कपड्याचा फोटो काढून ॲपमध्ये भरला, आणि तेव्हापासून रोज तीच चिडचिड वाट्याला येते आहे. खांद्यावर ओढला जाणारा आणि बाहीला आखूड पडणारा माझा निळा सदरा त्या चित्रात मात्र मापून शिवल्यासारखा बसतो. फोटोतून त्या प्रणालीला ना छातीचे खरे माप कळते, ना कापडाचा ताण. शिकलेल्या असंख्य चित्रांवरून जे शक्य वाटते, ते ती रंगवून मोकळी होते. सहा बटणांची पाच होतात, बारीक चौकडी विरघळून जाते आणि कॉलरची उसवलेली शिवण आपोआप सांधली जाते. खरा संताप येतो तो माझे पोट परस्पर आत घेतल्याचा. हे कोणी मागितले होते? विकत घ्यायच्या कपड्याबाबत अंदाज एक वेळ चालेल, पण जो सदरा मी वर्षानुवर्षे वापरला आहे, त्याच्याविषयी मला खोटे का दाखवावे? शेवटी तो घालून आरशासमोर उभे राहावेच लागते, आणि तोवर निघायची वेळ उलटून गेलेली असते.