134 पराभव मोजता, मग चोरी कोण मोजणार?

शनिवारी इथे अमेरिकेत, क्लीव्हलँडला, आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता. आरती झाली, मुलांचे नाच झाले आणि जेवणाला वेळ होता म्हणून क्विझ ठेवलं. विषय होता ‘आपलं क्लीव्हलँड’. मी हौसेने पुढच्या रांगेत जाऊन बसले. बावीस वर्षं या गावात काढली आहेत, म्हटलं आज एकही प्रश्न सोडायचा नाही.

पाचव्या प्रश्नाला पडद्यावर कोळ्याचं जाळं आलं, त्यात अडकलेला बेसबॉलचा चेंडू. सूत्रसंचालक पोरगा माईकमध्ये ओरडला, ‘‘बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात भिकार संघ कुठला?’’ मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘आपलाच!’’ झालं, हॉलभर हशा. मग त्याने सावकाश, चवीने आकडे वाचले. साल 1899, क्लीव्हलँड स्पायडर्स, विजय 20, पराभव 134. पराभवांच्या आकड्याला तर टाळ्या पडल्या! वर हा म्हणतो, ‘‘म्हणजे हरण्यात तरी आपला पहिला नंबर!’’ माझ्या शेजारी बसलेली माझी मुलगी, आठवीतली, तीसुद्धा खिदळत होती. ते मला जास्त लागलं.

मी हात वर केला. म्हटलं, ‘‘अरे, ते का हरले ते पण सांग की.’’ तर म्हणे, ‘‘काकू, उत्तर बरोबर आलंय, पुढचा प्रश्न घेऊ या.’’ उत्तर बरोबर आलंय म्हणे!

जेवताना एक काका मसालेभाताचं ताट घेऊन शेजारी आले आणि मला समजावू लागले, ‘‘अगं, सव्वाशे वर्षं झाली, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?’’ अहो काका, सव्वाशे वर्षं झाली तरी तुम्ही हसताय ना? मग मी का चिडायचं नाही?

भिकार संघ म्हणे. या संघाने 1895 साली बाल्टिमोरला हरवून टेंपल कप, म्हणजे हंगामाअखेरची मानाची मालिका, जिंकली होती. 1898 साली, म्हणजे त्या ‘भिकार’ हंगामाच्या आदल्याच वर्षी, 81 सामने जिंकून बारा संघांत पाचवा आला होता. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता साय यंग. ज्याच्या नावाने आज दरवर्षी सर्वोत्तम पिचरला बक्षीस देतात, तोच. जेसी बर्केट होता, ज्याची बॅटिंगची सरासरी दोन हंगाम लागोपाठ .400 च्या वर होती, म्हणजे दहातल्या चारहून जास्त वेळा यशस्वी फटका. बॉबी वॉलेस होता. असा भरलेला संघ एका हिवाळ्यात भिकार कसा होतो, हा प्रश्न त्या हॉलमधल्या दीडदोनशे शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही पडू नये?

रॉबिसन बंधू, फ्रँक आणि स्टॅनली, हे मालक. फ्रँकचा धंदा ट्रामचा. लेक्सिंग्टन रस्त्यावर लीग पार्क हे मैदान बांधलं तेही त्याच्या ट्रामच्या वाटेवर, म्हणजे मॅचचं तिकीटही त्याचं आणि येण्याजाण्याचं भाडंही त्याचं. तरी याची रड कायम, क्लीव्हलँडचे लोक येत नाहीत. येतील कधी? गावात रविवारी खेळायला मनाई होती. 1897 साली रविवारी मॅच लावली तर पोलिसांनी खेळाडूंनाच धरून नेलं. सहा दिवस गिरणीत राबणारा माणूस मंगळवारी दुपारी मॅच बघायला येणार आहे का?

मग 1899 च्या सुरुवातीला सेंट लुईसचा बुडालेला संघ लिलावात निघाला आणि याच भावांच्या हाती आला. त्या काळी एका मालकाने दोन संघ बाळगले तरी कोणी हटकत नव्हतं. यांनी काय केलं? साय यंग, बर्केट, वॉलेस, मॅनेजर पॅट्सी टेबो, सगळे उचलले आणि सेंट लुईसला नेले. आणि आदल्या वर्षी 111 सामने हरलेल्या सेंट लुईसचे उरलेसुरले खेळाडू इकडे पाठवून दिले. एका सुनेच्या अंगावरचे दागिने उतरवून दुसरीच्या अंगावर घालायचे, आणि वर पहिलीला म्हणायचं, तू ओकीबोकी दिसतेस! हंगामाचा पहिला सामना कुठे होता, ठाऊक आहे? सेंट लुईसलाच. समोर चेंडू टाकायला साय यंग. स्पायडर्स 10-1 ने हरले. आपल्याच घरच्या माणसाकडून.

त्या वर्षी साय यंगने सेंट लुईससाठी 26 सामने जिंकले. एकट्याने 26. अख्ख्या स्पायडर्सचे मिळून 20. क्विझमध्ये हे का नाही विचारलं?

बरं, लुटून झाल्यावर तरी थांबले का? लेव्ह क्रॉस नावाचा मॅनेजर दिला होता, स्वतः उत्तम खेळणारा. त्याच्या हाताखाली 8 जिंकले, 30 हरले. तो बरा खेळतोय म्हटल्यावर त्यालाही सेंट लुईसला ओढून नेला. मग ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ज्यो क्विनच्या गळ्यात ते ओझं अडकवलं. 12 विजय आणि 104 पराभव त्याच्या नावावर लागले ते कायमचे.

घरच्या 42 सामन्यांना मिळून प्रेक्षक किती आले? 6,088. सरासरी दीडशेसुद्धा भरत नाही. आमच्या गणपतीला याहून जास्त माणसं जेवतात. दारावरच्या गल्ल्यातल्या वाट्यातून पाहुण्या संघांचा रेल्वेचा नि हॉटेलचा खर्चही सुटेना, म्हणून ते क्लीव्हलँडला यायलाच तयार होईनात. मग ही माणसं गावोगाव फिरत राहिली. 154 पैकी 112 सामने परक्या मैदानांवर, त्यातले 101 हरले. सलग 24 हरले. शेवटच्या 41 पैकी 40 हरले. जिम ह्यूई नावाच्या पिचरच्या नावावर 30 पराभव आहेत. तीस! तीस वेळा हरूनही चेंडू हातात घेऊन पुन्हा उभा राहिलेल्या माणसाला तुम्ही ‘लूजर’ म्हणता? या शब्दाची मला शिसारी आहे. मुलांच्या तोंडीही आता तोच असतो, पहिला न आलेला प्रत्येक जण लूजर.

आणि शेवटचा सामना ऐका. 15 ऑक्टोबर, सिनसिनाटी. पिचर म्हणून कोणाला उभं केलं? हॉटेलात सिगार विकणाऱ्या एडी कोल्ब नावाच्या पोराला. 19-3 ने हरले. हंगाम संपला आणि संघही संपला. पुढच्या वर्षी लीगने बारातले चार संघ काढून टाकले, त्यात क्लीव्हलँड. ज्यांनी हे केलं त्यांचा सेंट लुईसचा संघ 1899 ला पाचवा आला, म्हणजे आदल्या वर्षी क्लीव्हलँड होतं तिथेच! एवढ्यासाठी एका गावाचा संघ मारला.

आता निघालंच आहे तर बाकीचंही बोलते. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स 121 सामने हरले तेव्हा बातम्या देणारा प्रत्येक जण शेपूट जोडत होता, ‘1900 नंतरचा विक्रम’, कारण 1899 चे आमचे 134 होतेच. म्हणजे कोणाचंही नाक कापलं गेलं तरी रक्त पुसायला आमच्या स्पायडर्सचाच सदरा. 2020 च्या शेवटी इथल्या आताच्या बेसबॉल संघाचं नाव बदलायचं ठरलं तेव्हा कितीतरी लोकांनी स्पायडर्स सुचवलं होतं, मीही. ठेवलं गार्डियन्स, पुलावरच्या पुतळ्यांवरून. पुतळे छान आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण स्पायडर्स नाव घेतलं असतं तर त्या माणसांची थोडी तरी भरपाई झाली असती.

आणि हे 1899 मध्ये संपलं असं समजू नका. याच गावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ 1995 साली मालकाने बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. आमच्या शेजारच्या आजोबांना आजही तो विषय काढला की बोलवत नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या बेसबॉल संघाचं परवापरवा काय झालं? चांगले खेळाडू एकेक करून विकले, 2023 ला 112 सामने हरले, आणि मग म्हणे प्रेक्षक येत नाहीत. त्याच वर्षी 13 जूनला सत्तावीस हजारांवर माणसं मैदानात गोळा झाली आणि ‘संघ विका’ म्हणून ओरडली. तरी संघ गाव सोडून गेलाच. पद्धत तीच. आधी उपाशी ठेवायचं, मग रोडावला म्हणून नावं ठेवायची.

रविवारी सकाळी मुलीला घेऊन लीग पार्कला गेले. जुनं तिकीटघर अजून उभं आहे, विटांचं. 1899 नंतरचं आहे, पण मैदान तेच. तिला साय यंगचे 26 आणि स्पायडर्सचे 20 सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आई, पण मग पोलिसांनी मालकांना का नाही धरलं?’’

पुढच्या वर्षीच्या क्विझमध्ये पहिला प्रश्न हाच. कमिटीला आजच कळवलंय.