पाच नंबरची की

माझ्या उजव्या अंगठ्याला फोड आलाय आणि खालच्या मजल्यावरच्या काकांशी मी आज सकाळपासून बोलत नाही. काकांना हे अजून कळलेलं नाही.

जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणलेली शेवंती कधीच गेली, पण तिच्या निमित्ताने घेतलेली खुरपी, कात्री, शेणखत, निंबोळी पेंड आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाच्या, विटा बाल्कनीत राहिल्या. "झाडं दोन आणि दुकान केवढं!" बायको म्हणाली. म्हणून तीन कप्प्यांची चाकवाली ट्रॉली मागवली. निवडण्यात चार रात्री गेल्या. अभिप्राय वाचावेत तर निम्म्या लोकांनी तिच्यात डायपर ठेवलेले, उरलेल्यांनी कांदे-बटाटे. शेवटी रंग बघून घेतली.

खोक्यात 3 ट्रे, 4 खांब, 4 चाकं, 12 बोल्ट, बोल्टच्या षटकोनी खाचेत बसणारी एक वाकडी अ‍ॅलन की आणि एक कागद. कागदावर अक्षर नाही, नुसती चित्रं. सोबतची की तिसऱ्याच बोल्टला गोल झाली.

काका पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून निवृत्त झालेत. त्यांच्या दारात गेलो.

"काका, अ‍ॅलन की आहे का?"

"कितीची?"

"त्या बोल्टला बसेल ती."

"बोल्ट कुठला?"

"छोटा."

काकांनी डोळे मिटले. कुणाची तरी वाईट बातमी ऐकावी तसे क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "छोटा असा बोल्ट नसतो. एम-6 असला तर 5 नंबरची की, एम-5 असला तर 4 नंबरची. आणि हत्यार घराबाहेर जात नाही. मी येतो."

आले. रेक्झिनच्या पिशवीत पिवळं फडकं, फडक्यात चाव्यांचा संच. प्रत्येक की पुसून उजेडाला धरून पाहिली. मग खुर्चीत बसले, चहा मागितला आणि मला की दिली. म्हणजे हत्यार त्यांचं, गुडघे माझे.

"आवळू नकोस! आधी सगळे बोल्ट नुसत्या हाताने लाव. चौकट गुण्यात, काटकोनात आली की मग आवळ."

हे बरोबर होतं, याचाच जास्त राग आला. पुढचा पाऊण तास रात्रपाळीतल्या एका जर्मन मशीनची गोष्ट. तिच्यावर फक्त काकांचा हात बसायचा. मशीन बिघडलं, साहेब आले, साहेब हरले, काका आले. दुसरा चहा झाला. शेवटचा बोल्ट आवळून मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"मधला ट्रे उलटा लागलाय," काका म्हणाले.

"कधी लक्षात आलं?"

"तू लावलास तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं नाहीस."

मधला ट्रे काढायला चारही खांब सैल करावे लागतात. फोड तिथला.

खरं तर आजोबांनी कपाट करून घेतलं तेव्हा सुतार वीस दिवस घरी होता. दुपारी जेवायचा, चहा प्यायचा, चुना मागायचा. पण रंधा तोच मारायचा. आता पैसे आपण द्यायचे, फिटर आपणच व्हायचं, आणि बोल्ट कमी निघाला की फोनवर बाई सांगणार, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बायको म्हणते, यात काकांचा काय दोष? काकांचा दोष वेगळा आहे. तो मी मोजतोय.

ट्रॉली बाल्कनीत नेली. बाल्कनीच्या फरशीला जाळीकडे उतार असतो, पाणी जावं म्हणून. ट्रॉलीही गेली. चारपैकी दोन चाकांना ब्रेक, पण तो प्लॅस्टिकचा. दाबला की 'टक्' वाजतो, बाकी काही होत नाही. परत ओढली, परत गेली, तिसऱ्यांदा मनीप्लांटला धडकली. शेवटी कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट चाकाखाली सरकवली. थांबली. काकांनी कप खाली ठेवला, विटेकडे पाहिलं, चाव्या मोजून फडक्यात गुंडाळल्या आणि गेले.

आज सकाळी झाडांना पाणी घातलं. पाणी उताराने विटेपर्यंत गेलं. तेवढी वीट फुलली की आठ-नऊ लिटर भुगा होतो. ट्रॉली जाळीवर, भुगा जाळीत, आणि पाणी कठड्याखालच्या नळीतून थेट खाली.

फोन वाजला.

"अरे, माझ्या पायजम्यावर वरून चहा पडतोय."

"कोकोपीटचं पाणी आहे, काका. सॉरी."

"काल वीट लावलीस तेव्हाच म्हटलं मी, ही फुगणार."

"कुणाला म्हटलंत?"

"मनात."