मास्त्रिख्तचं चर्च 'भाविक नाहीत म्हणून' विकलं गेलं नाही

नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त शहरातल्या पुस्तकांच्या दुकानाचे फोटो सध्या फिरताहेत. उंच दगडी कमानी, त्याखाली काळे पोलादी मजले आणि पुस्तकंच पुस्तकं. सोबत मजकूर असा : 'युरोपात श्रद्धा संपली, भाविकच येईनात, म्हणून सातशे वर्षांचं चर्च दुकानदाराला विकलं.' फोटो खरे आहेत, मजकूर चुकीचा आहे.

डॉमिनिकन या कॅथलिक पंथातल्या संन्याशांच्या या चर्चचा अभिषेक 1294 सालचा. तिथली उपासना थांबली ती फ्रेंच क्रांतीच्या सैन्यामुळे. 1794 मध्ये त्यांनी शहर जिंकलं आणि पुढे मठ बंद करून मालमत्ता जप्त केली. म्हणजे पुस्तकं येण्याआधी दोनशेहून अधिक वर्षं ही वास्तू चर्च नव्हतीच! मधल्या काळात तिचं गोदाम झालं, अगदी अलीकडे सायकलींचा स्टँडही. माझ्या मते खरी हेळसांड ती होती, आणि तिच्याबद्दल हे मेसेज चकार शब्द काढत नाहीत.

दुकान 2006 च्या अखेरीस आलं. मर्क्स आणि गिरो या वास्तुरचनाकारांनी पोलादी मांडणी एका बाजूला स्वतंत्र उभी केली. त्यामुळे दुसऱ्या बाजूला चर्चची पूर्ण उंची मोकळी दिसते. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांच्या जीवनावरचं 1337 चं भित्तिचित्रही तिथे आहे. 2014 मध्ये दुकान चालवणारी साखळी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते वाचवलं. फोटो जरूर पाठवा, पण तो मजकूर काढून.